झेवियर, हावियेर, एचेबेरिया: एका बास्क आडनावामागे किती राजकारण?

मांडवीतीर

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेत ज्यांचे शव चांदीच्या पेटीत ठेवले आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. मुंबईत त्यांच्या नावाचे कॉलेज १८६९पासून आहे. वसईपासून गोव्यापर्यंत झेवियर हे पाळण्यातले नाव म्हणूनही भेटते आणि आडनाव म्हणूनही. शाळेत आपण 'स्पॅनिश धर्मप्रसारक' एवढेच शिकलो. ऑफिसातल्या एका बास्क सहकाऱ्यासमोर (बास्क म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचा, वेगळ्या भाषेचा समाज) मी तोच शब्द वापरला आणि तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, "स्पॅनिश? त्यांच्या घराचे बुरूज स्पेननेच पाडले."

मग मी वाचायला घेतले. बास्क भाषेत 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवे. एचेबेरी हेच नाव झिजत शाबियेर, हावियेर आणि आपल्याकडे झेवियर झाले. आजच्या उत्तर स्पेनमधल्या नवारातल्या एका किल्लेवजा वाड्याचे ते नाव. फ्रान्सिस त्या वाड्यात ७ एप्रिल १५०६ रोजी जन्मले, तेव्हा नवारा हे स्वतंत्र राज्य होते आणि त्यांचे वडील हुआन दे हासो राजाच्या परिषदेचे अध्यक्ष होते. १५१२त स्पेनच्या फर्डिनांड राजाच्या फौजांनी नवारा जिंकले. १५१५त वडील वारले. पुढच्याच वर्षी नवारातला उठाव फसला आणि स्पेनचा कारभार पाहणाऱ्या कार्डिनल सिस्नेरोसने तिथले किल्ले पाडायचा हुकूम काढला. हावियेरच्या वाड्याचे बुरूज उतरवले, खंदक बुजवला. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचे होते.

माझे मत स्पष्ट सांगतो. या नावाला स्पॅनिश म्हणणे म्हणजे हरलेल्याची चीजवस्तू जिंकणाऱ्याच्या नावावर चढवणे आहे. तुम्हाला काय वाटते? आणि हे आडनाव राजकारणात आणखी कुठे भेटते? जाणकारांनी लिहावे.

पिंपळपान

रुमाल टाकून ठेवते. दक्षिण अमेरिकेबद्दल लिहायचे आहे, रात्री निवांत लिहीन.

तात्या_देवरुखकर

नवे घर! म्हणजे आपले नवघरे! आमच्या आळीत एक नवघरे आहेत. उद्या सकाळी फिरायला भेटले की सांगतो, तुमचे भाऊबंद युरोपात सापडले.

बिल्बाओवासी

बरीच वर्षे बिल्बाओत आहे, म्हणून थोडे लिहितो.

तात्या, भाऊबंद म्हणायला इथे एक अडचण आहे. बास्क आडनाव रक्ताचे नसते, घराचे असते. शेतघराला नाव असते आणि त्यात राहणाऱ्याला ते नाव लागते. घर एकाच वारसाकडे जाते. कित्येक ठिकाणी तो वारस मुलगीही असू शकते, मग जावयाला लोक त्या घराच्या नावाने ओळखू लागतात. बाकीची भावंडे चर्चमध्ये, जहाजावर, फौजेत नाहीतर अमेरिकेत. जगभर बास्क आडनावे पसरली त्यामागे हे मोठे कारण आहे.

फ्रान्सिसच्याच घरात बघा. वडील हासो. आई मारिया दे आस्पिलिकुएता, आणि हावियेरचा वाडा आईकडून आलेला. मोठा भाऊ मिगेल दे हावियेर, कारण वाडा त्याचा. मधला हुआन दे आस्पिलिकुएता. सख्खे भाऊ आणि आडनावे वेगळी. जगात गाजलेले झेवियर हे नाव वडिलांच्या वंशाचे नाही, आईच्या घराचे आहे.

आता एचेबेरिया. प्रत्येक खोऱ्यात कोणीतरी कधीतरी नवे घर बांधलेच, त्यामुळे हे आडनाव असलेल्या लोकांचे एकमेकांशी नाते असेलच असे नाही. गिपुस्कोआ आणि नवारात एचेबेरिया, बिस्कायात एचेबारिया (गिपुस्कोआ आणि बिस्काया हे स्पेनमधले बास्क प्रांत), आखूड होऊन चावारी, पिरेनीजपलीकडे फ्रान्समध्ये एचेव्हेरी.

आणि यातले कोणते रूप तुम्ही लिहिता, हेच राजकारण आहे. मे १९३८मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या सरकारने नागरी नोंदणीत बास्क नावे बंद केली. मूल जन्मले तर शाबियेर लिहिता येत नसे, हावियेरच लिहावे लागे. काही ठिकाणी थडग्यांवरची बास्क अक्षरेसुद्धा खरवडून काढली. १९७७च्या कायद्याने पहिली नावे मोकळी झाली, आणि १९९९च्या कायद्याने आडनावाचे स्पेलिंगही आपल्या भाषेप्रमाणे करून घेता येऊ लागले. तेव्हापासून कित्येकांनी 'सी-एच' काढून 'टी-एक्स' घातले. आमच्या इमारतीत दोन सख्खे भाऊ राहतात. एकाच्या टपालपेटीवर जुने स्पॅनिश स्पेलिंग आहे, दुसऱ्याच्या पेटीवर बास्क. दोघे रविवारी आईकडे एकत्र जेवतात, आणि तिथे निवडणुकीचा विषय काढायचा नाही असा आईचा नियम आहे.

फुटबॉलवेडा

आस्पिलिकुएता! म्हणजे चेल्सीचा माजी कप्तान? आमच्या डेव्हची खापरपणजी संतांची आई निघाली काय?

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सेसार आस्पिलिकुएता हे नाव इंग्रज प्रेक्षकांना म्हणता येईना, म्हणून त्यांनी त्याला डेव्ह करून टाकले.)

आणि या आडनावातला माझा हिरो म्हणजे बोलिव्हियाचा मार्को एचेव्हेरी. १९९४च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि काही मिनिटांतच लाल कार्ड घेऊन बाहेर. अख्खा देश त्याची वाट बघत होता हो.

बिल्बाओवासी

@फुटबॉलवेडा, सेसार पाम्प्लोनाच्या बाजूचाच, पण वर लिहिले तेच, घराचे नाव एक म्हणून रक्त एक असे होत नाही. आस्पिलिकुएता हे बास्तानच्या खोऱ्यातले नाव. त्याच नात्यातले मार्तिन दे आस्पिलिकुएता हे मोठे कायदेपंडित, सालामान्का आणि कोइंब्रात शिकवत. अमेरिकेतून सोने-चांदी आली की वस्तूंच्या किमती का वाढतात, हे त्यांनी १५५६ साली लिहून ठेवले आहे. अर्थशास्त्रवाल्यांनी जरूर वाचावे असे प्रकरण आहे.

कागदपत्रे

धागा आवडला, पण धागाकर्त्यांच्या मूळ मताशी असहमत आहे. 'स्पॅनिश' हा शब्द १५०६च्या नवाराला लागू नाही, मान्य. पण 'बास्क विरुद्ध स्पेन' हे चित्रही त्या काळाला लागू होत नाही.

१५१२त नवारावर चालून गेलेल्या फौजेत गिपुस्कोआचे लोक होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेलातेच्या घाटात त्यांनी माघार घेणाऱ्या सैन्याच्या तोफा पकडल्या. त्या बारा तोफा गिपुस्कोआच्या राजचिन्हावर शतकानुशतके मिरवल्या जात होत्या. त्या काढल्या १९७९ साली, कारण तोवर 'बास्कांनी बास्कांच्या तोफा पकडल्या' ही गोष्ट अभिमानाची राहिली नव्हती.

१५२१ घ्या. फ्रेंच आणि नवारी फौजा पाम्प्लोनावर आल्या. शहराचा किल्ला कॅस्टीलच्या (स्पेनमधल्या मुख्य राज्याच्या) बाजूने लढवणाऱ्यांत एक गिपुस्कोआचा सरदारपुत्र होता. तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. तो इग्नेशियस लोयोला. दुसऱ्या बाजूला फ्रान्सिसचे दोन्ही भाऊ नवाराच्या राजासाठी लढत होते. मिगेल १५२२च्या जुलैत अमायूरच्या किल्ल्यात होता. सुमारे दोनशे माणसांनी तो किल्ला धरून ठेवला होता आणि शेवटी तो पडला. म्हणजे येशूसंघाचे (जेझुइट पंथाचे) संस्थापक आणि त्यांचा सर्वांत प्रसिद्ध साथीदार, दोघे बास्क, पण एकमेकांविरुद्ध लढलेल्या घरांतले.

मांडवीतीर

@कागदपत्रे, हा मुद्दा जबरदस्त आहे. पण त्याच्या पुढचा भाग मला जास्त भिडतो. १५२५त फ्रान्सिस पॅरिसला शिकायला गेले. घरी पैशाची चणचण होती, कारण १५१२पासून घराचे उत्पन्न आटले होते. काही वर्षांनी सेंत-बार्ब कॉलेजात त्यांच्या खोलीत राहायला कोण आला, तर लंगडत चालणारा लोयोला! आपल्या भावांच्या शत्रुपक्षातला माणूस. फ्रान्सिस बराच काळ त्याला जुमानत नव्हते असे चरित्रकार सांगतात. आणि १५ ऑगस्ट १५३४ला माँमार्त्रच्या टेकडीवर त्यांनी बरोबरीने शपथ घेतली. एवढा राजकीय वैराचा वारसा बाजूला ठेवणे सोपे नसणार.

रानजाई

अमायूर हे नाव बातम्यांत वाचल्यासारखे वाटतेय. तोच किल्ला का?

बिल्बाओवासी

@रानजाई, तेच नाव. २०११च्या नोव्हेंबरात स्पेनच्या संसदेच्या निवडणुकीत बास्क स्वातंत्र्यवादी डाव्यांच्या आघाडीने 'अमायूर' हे नाव घेतले आणि सात जागा जिंकल्या. त्या किल्ल्याच्या जागी १९२२ साली स्मारक उभारले होते. १९३१त ते स्फोटाने उडवले गेले आणि १९८२त पुन्हा बांधले. पाचशे वर्षांपूर्वीचा वेढा इथे अजून चालू घडामोडींत धरला जातो.

रोखठोक

सगळे छान चालले आहे, पण कुणीच मुद्द्याचे बोलत नाही. पिरेनीजमध्ये या नावाचा अर्थ काहीही असो, आपल्याकडे या नावाचे राजकारण इन्क्विझिशनपासून, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयापासून, सुरू होते. मे १५४६मध्ये झेवियरनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून भारतात इन्क्विझिशन पाठवा अशी मागणी केली. १५६०त ते गोव्यात आले, मध्ये थोडा काळ बंद होऊन थेट १८१२पर्यंत चालले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१त त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. ज्यांची देवळे पाडली, ज्यांना गाव सोडून आपले देव खाडीपलीकडे न्यावे लागले, त्यांच्या वंशजांना 'बिचाऱ्याचा वाडा पाडला होता' हे सांगून काय उपयोग? स्वतःचे घर पाडलेल्या माणसाला दुसऱ्याचे घर पाडताना जास्त कळायला हवे होते.

लीना_साळगांव

@रोखठोक, पत्र खरे आहे आणि ते लपवू नये, या मताची मीही आहे. मी कॅथलिक घरातली. पण दोन गोष्टी जोडते. झेवियर १५५२त वारले आणि इन्क्विझिशन आले त्यानंतर आठ वर्षांनी. देवळे पाडण्याचा मोठा काळ तिसवाडी, साष्टी, बार्देशात त्यांच्या आधीही होता आणि नंतरही. ते स्वतः गोव्यात फार थोडे राहिले. बहुतेक काळ मोतीकिनारा (तमिळनाडूचा दक्षिण किनारा), मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान इकडेच गेला.

दुसरी गोष्ट. पोर्तुगीज अधिकाऱ्यांबद्दल त्यांनी १५४५त आपल्या एका सहकाऱ्याला लिहिले होते, की इथे सगळे 'रापिओ', म्हणजे 'मी लुटतो', हे एकच क्रियापद सर्व काळांत आणि सर्व अर्थांत चालवतात. हेही त्याच माणसाचे पत्र. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचावीत असे मला मनापासून वाटते.

आमच्या घरी ते 'गोंयचो सायब'. फेस्ताला आमच्याबरोबर शेजारचे हिंदू कुटुंबही येते, आणि हे आजचे नाही, माझ्या आजीच्या वेळेपासूनचे आहे. २०२४च्या ऑक्टोबरात त्यांच्या अवशेषांची डीएनए चाचणी करा अशी मागणी झाली, तेव्हा गोवाभर लोक रस्त्यावर आले. तो राग कळायला गोव्यात राहावे लागते.

जुवेंकर

'गोंयचो सायब' म्हणण्यामागे एक मराठ्यांचा प्रसंग आहे, तो इथे यायलाच हवा.

नोव्हेंबर १६८३. संभाजी महाराजांच्या फौजेने रात्री आमच्या जुवें बेटावरचा किल्ला घेतला. तिथून जुने गोवे शहर हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय कोंद दि आल्व्होर दुसऱ्या दिवशी किल्ला परत घ्यायला आला आणि मार खाऊन परतला. शहरात घबराट. तेव्हा व्हाइसरॉय बॉम जेझूत गेला, झेवियर यांची शवपेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड व राजपत्रे त्यांच्यापाशी ठेवली. म्हणजे राज्य तुम्हीच सांभाळा. त्यानंतर मराठी फौज मागे वळली.

पोर्तुगिजांनी तो चमत्कार मानला. आपल्याला कारण ठाऊक आहे: औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठी फौज घेऊन घाट उतरत होता आणि महाराजांना दोन आघाड्यांच्या मध्ये सापडायचे नव्हते. पण त्या दिवसापासून हा बास्क घराण्यातला संत गोव्याच्या राज्याचा रक्षक ठरला. पुढे नवे गव्हर्नर सूत्रे घेताना अधिकारदंड त्यांच्या कबरीपाशीच घेत. एका नावाला याहून जास्त राजकीय काय असू शकते?

तात्या_देवरुखकर

जुवेंकर, अंगावर काटा आला. शाह आलम दोन आठवडे उशिरा आला असता तर हा धागा आपण काढलाच नसता, दुसराच काढला असता!

पिंपळपान

रुमाल उचलते.

एचेवेरिया या आडनावाची तीन माणसे मला नेहमी एकत्र आठवतात.

पहिला एस्तेबान एचेवेरिया, अर्जेंटिनाचा कवी, १८०५ ते १८५१. वडील बिस्कायाचे. हुआन मानुएल दे रोसासच्या हुकूमशाहीविरुद्ध तरुणांची संघटना बांधली, देश सोडावा लागला आणि माँटेव्हिडिओत वारला. ब्वेनोस आइरेसच्या बाहेर त्याच्या नावाचा तालुकाच आहे.

दुसरा होसे अंतोनियो एचेवेरिया, क्यूबाचा विद्यार्थी नेता. १३ मार्च १९५७ला त्याच्या साथीदारांनी हुकूमशहा बातिस्ताच्या राजवाड्यावर हल्ला केला. त्याच वेळी हा रेडिओ केंद्र ताब्यात घेऊन देशाला उद्देशून बोलला, आणि बाहेर पडल्यावर विद्यापीठाजवळ पोलिसांच्या गोळीने मेला. वय २४. तो श्रद्धाळू कॅथलिक होता. हवानाच्या तंत्रविद्यापीठाला त्याचे नाव आहे.

तिसरा लुईस एचेवेरिया, १९७० ते १९७६ मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष. २ ऑक्टोबर १९६८ला त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा हा गृहमंत्री होता. १० जून १९७१ला पुन्हा विद्यार्थी मारले गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता. २००६त त्याच्यावर वंशसंहाराचा आरोप ठेवला, घरातच नजरकैद झाली, २००९त सुटला आणि २०२२त शंभर वर्षांचा होऊन वारला. एक एचेवेरिया विद्यार्थी म्हणून गोळी खातो आणि दुसऱ्याच्या राजवटीत विद्यार्थी गोळ्या खातात. मेक्सिकोतल्या आया पन्नास वर्षे न्याय मागत राहिल्या. मला हे वाचताना फार त्रास होतो.

आणि आता याच लुईसची दुसरी बाजू. २७ सप्टेंबर १९७५ला फ्रँकोने पाच जणांना गोळ्या घातल्या. त्यात 'चिकी' आणि ओताएगी हे दोघे ईटीएचे, म्हणजे बास्क स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचे होते. त्यावर लुईस एचेवेरियाने स्पेनला संयुक्त राष्ट्रांतून निलंबित करा अशी मागणी केली. स्वतःच्या चौकातल्या मुलांचा हिशेब बाकी असताना!

रानजाई

पिंपळपान ताई, +१. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

बॉइसीहून_मेधा

मी आयडाहोत, बॉइसीला असते. इथे गावाच्या मधोमध बास्क ब्लॉक आहे: जुने बोर्डिंग हाउस, संग्रहालय, पेलोटा खेळायचे बंदिस्त मैदान. मेंढ्या राखायला आलेल्या बास्क लोकांची नातवंडे-पतवंडे वकील झाली, महापौर झाली. पीट सेनारुसा हे बास्क आडनावाचे गृहस्थ १९६७ ते २००३ राज्याचे सचिव होते. २००२ साली राज्याच्या विधिमंडळाने बास्कांच्या स्वयंनिर्णयाच्या बाजूने ठराव केला, त्यात ते आणि डेव्ह बीटर पुढे होते. बीटर नंतर महापौर झाले आणि ते बास्क बोलतात.

इथे अडीच मिनिटे कुणाशी बोला, एखादा एचेवेरिया निघतोच. पण कुणी स्पेलिंगवरून भांडताना मी पाहिले नाही. आजोबांच्या बोटीच्या कागदावर कारकुनाने जे लिहिले तेच आडनाव. पाच वर्षांनी एकदा हाइआल्दी नावाचा मोठा उत्सव असतो, २०२५च्या उन्हाळ्यात झाला तो पाहिला. नाच, लाकडे तोडायच्या शर्यती, दगड उचलणे. माझ्या मुलाने दगड उचलणाऱ्या आजोबांना विचारले, "तुम्ही स्पॅनिश का?" आजोबा हसून म्हणाले, "नाही बाळा, आयडाहोचे."

कागदपत्रे

@बिल्बाओवासी, साबिनो आरानाबद्दल तुम्ही लिहायला हवे. आडनावाचे राजकारण म्हटले की तो माणूस टाळून चालत नाही.

बिल्बाओवासी

लिहितो. हा भाग मला आवडत नाही, म्हणून टाळत होतो.

आरानाने १८९५त बास्क राष्ट्रवादी पक्ष काढला, लोयोलाच्या सणादिवशी, ३१ जुलैला. त्याआधी १८९४त त्याने बिल्बाओत जो क्लब काढला त्यात मूळ सभासद व्हायचे तर चारही आजी-आजोबांची आडनावे बास्क हवीत अशी अट होती. आडनावांच्या व्युत्पत्तीवर त्याने पुस्तकही लिहिले. बाहेरून खाणीत आणि पोलाद कारखान्यांत कामाला आलेल्या मजुरांबद्दल त्याने जे लिहिले आहे ते वाचवत नाही. आजचा त्याचा पक्ष त्या अटीपासून फार दूर आला आहे, पण मुळात ती होती.

आता बघा, त्याच बिल्बाओत मजुरांना आणणाऱ्या कारखानदारांत सर्वांत बलाढ्य माणूस व्हिक्तोर चावारी. १८८२त 'ला बिस्काया' पोलाद कंपनी त्यानेच काढली. निवडणुका आपल्या मुठीत ठेवणाऱ्या धनिकांचा तो पुढारी आणि माद्रिदच्या राजसत्तेच्या बाजूचा. आणि आडनाव चावारी, म्हणजे तेच नवे घर! आरानाच्या चाळणीतून हे आडनाव सहज पार झाले असते. ज्या घामावर ते शहर उभे राहिले त्या मजुरांचे एकही नाव पार झाले नसते. आडनावावरून माणूस पारखण्यातला खोटेपणा मला यात सगळ्यात स्वच्छ दिसतो.

आणखी एक. ईटीएचा पहिला बळी घेणारा आणि ईटीएचा पहिला मेलेला माणूस एकच. ७ जून १९६८ला वाहतूक तपासताना होसे पार्दिनेस या तरुण पोलिसाला गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्याच दिवशी तोलोसाजवळ पोलिसांनी चाबी एचेबारिएताला मारले. तो २३ वर्षांचा, अर्थशास्त्र शिकलेला आणि कविता करणारा. पूर्ण नाव फ्रान्सिस्को हावियेर एचेबारिएता. पहिले नाव संताचे, आडनाव त्याच मुळातले. नव्या घराचे नाव त्याने दोनदा धारण केले होते.

सह्यकडा

अशा माणसांना क्रांतिकारक म्हणायला आपण का कचरतो? फ्रँकोच्या राज्यात दुसरा मार्ग काय होता? भाषेवर बंदी, नावावर बंदी. आपल्याकडे असे झाले असते तर आपण चाबीचे पुतळे उभारले असते.

बिल्बाओवासी

@सह्यकडा, इथे त्याच्यावर गाणी आहेत, त्याची आठवण काढणारेही आहेत. पण फ्रँको १९७५त मेला आणि ईटीएचे बहुतेक बळी त्यानंतरचे आहेत. एकूण आठशेहून अधिक. नगरसेवक, पत्रकार, बाजारात आलेल्या बायका. २०११त बंदुका थांबल्या, २०१८त संघटना विसर्जित झाली. मरणाऱ्यांतही एचेबेरिया-गार्सिया असे बास्क आणि बिगरबास्क दोन्ही होते. पार्दिनेस गालिसियाचा होता, वय २५. माझ्या ओळखीच्या कित्येक घरांत एका टेबलावर दोन्ही बाजूंची माणसे बसतात, म्हणून मला 'क्रांतिकारक' हा शब्द इतक्या सहज उच्चारता येत नाही.

कागदपत्रे

थोडे अवांतर, पण भारताशी थेट जोडलेले. लाहोरला अकबराच्या दरबारात १५९५त एक जेझुइट पोचला, जेरोनिमो झेवियर. जहांगिराच्या काळापर्यंत तिथे राहिला, फार्सी शिकला आणि १६०२त फार्सीत येशूचे चरित्र लिहून अकबराला दिले. १६१७त गोव्यात वारला. हा फ्रान्सिसच्या बहिणीच्या वंशातला. पण त्याचे मूळ आडनाव एस्पेलेता! झेवियर हे त्याने नंतर घेतले, कारण तोवर त्या नावाला पूर्वेत वजन आले होते. म्हणजे घराचे नाव दोन पिढ्यांत कामाचे नाव झाले. आपल्याकडचे झेवियर तर त्याच्याही पुढचे. एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या गावकाऱ्यांवर (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थांवर) लिहिणारे फिलिप नेरी झेवियर गोवेकरच. नवाराच्या वाड्याशी रक्ताचा काहीच संबंध नाही.

लीना_साळगांव

आणि तरी ते नाव आता आमचेच आहे. माझ्या मामाचे नाव झेवियर. त्याला कुणी बास्क म्हटले तर तो आधी जेवायला बसवेल आणि मग समजावून सांगेल.

मांडवीतीर

मूळ प्रश्नाकडे येतो. इतके वाचूनही माझे मत कायम आहे, पण आता त्याला आधार मिळाला. फ्रान्सिसनी १५ जानेवारी १५४४ला कोचीनहून रोममधल्या साथीदारांना पत्र लिहिले. मोतीकिनाऱ्यावरच्या लोकांबद्दल ते म्हणतात, त्यांची भाषा मलबारी आणि माझी 'बिस्काइना', म्हणून आम्हाला एकमेकांचे कळत नव्हते. त्या काळी बास्क भाषेला बिस्काइना म्हणत. स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, लॅटिन येणारा माणूस 'माझी भाषा' म्हणताना यातल्या एकीचेही नाव घेत नाही. माझ्यासाठी एवढे पुरे आहे.

कागदपत्रे

पत्र अस्सल आहे. पण भाषा बास्क म्हणून राष्ट्र बास्क, हे एकोणिसाव्या शतकातले गणित. लोयोलाचीही भाषा तीच होती आणि तो कॅस्टीलसाठी लढला. मी त्यांना नवाराचे म्हणेन आणि तिथेच थांबेन.

बिल्बाओवासी

'नवाराचे' म्हणूनही सुटका नाही, कारण नवारा बास्क आहे की नाही हाच इथला चालू वाद आहे. १९७८च्या संविधानात नवाराला बास्क प्रदेशात सामील होण्याची वाट ठेवली आहे, पण १९८२पासून तो वेगळा स्वायत्त प्रदेश आहे. १९८६च्या कायद्याने नवाराचे भाषेनुसार तीन भाग केले: बास्क, मिश्र आणि बिगरबास्क. हावियेर गाव बिगरबास्क भागात येते.

आणि ३ डिसेंबर, झेवियर यांचा दिवस, हा नवारा दिवसही आहे आणि १९४९पासून बास्क भाषा दिवसही. एकाच तारखेला दोन वेगवेगळे झेंडे. फ्रँकोवाल्यांनीही हा संत सोडला नव्हता. यादवी युद्धात त्यांच्या बाजूने लढलेल्या नवारी सैनिकांच्या संघटनेने १९४०त हावियेरला पदयात्रा नेली, आणि दर मार्चमध्ये निघणारी ती यात्रा अजून मोठी आहे. कार्लिस्टांचा, म्हणजे स्पेनच्या गादीवर राजघराण्याच्या दुसऱ्या शाखेचा हक्क सांगणाऱ्यांचा, त्या काळचा दावेदारही हावियेरच, बुर्बोन-पार्माचा.

तात्या_देवरुखकर

बिल्बाओवासी, तो वाडा बघता येतो का? पुतणी पाम्प्लोनाला शिकायला जातेय, आम्ही दोघे जाऊ म्हणतो तिला भेटायला.

बिल्बाओवासी

येतो की. पाम्प्लोनाहून गाडीने तासाभराच्या आत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला डागडुजी करून बुरूज पुन्हा चढवले, शेजारी चर्च बांधले, त्यामुळे सगळे दगड जुने नाहीत. मार्चमधला यात्रेचा शनिवार-रविवार धरलात तर पाम्प्लोनाहून रस्ताभर चालणारी तरुण पोरे भेटतील, पण राहायला खोली मिळणार नाही. काकूंना थंडी सोसत नसेल तर मे महिन्यात या. बिल्बाओला उतरणार असाल तर आधी कळवा, विमानतळावर घ्यायला येतो.